स्टाय हेडच्या खिंडीतल्या मावशींना

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, आणि हे पत्र मराठीत असल्यामुळे ते तुमच्यापर्यंत पोहोचण्याची आशाही फारशी नाही. तरीही लिहिते आहे, कारण त्या रविवारी मी तुम्हांला इंग्रजीत जे 'थँक यू' म्हटले, तेच या देशात आम्ही बसमधून उतरताना चालकालाही म्हणतो, आणि तेवढ्यावर माझ्या मनाचे समाधान झालेले नाही. माझ्या आईहून तुम्ही चार-सहा वर्षांनी मोठ्या असाव्यात, म्हणून मावशी म्हणते.

आई नाशिकहून पहिल्यांदाच माझ्याकडे लीड्सला आली होती. चौसष्टाव्या वर्षी रोज पहाटे चार किलोमीटर चालणारी आणि तरुणपणी कळसूबाई दोनदा चढलेली बाई, तेव्हा तिला लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर दाखवावेत असे मी ठरवले आणि हौशी मंडळींच्या एका भटकंती गटाबरोबर दोन दिवसांचे नाव नोंदवले. इथे डोंगराला 'फेल' म्हणतात हे ऐकून ती म्हणाली, "नापास झालेले डोंगर का ग हे?" इंग्लंडमधले सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक अवघे 978 मीटर, आणि आमची कळसूबाई 1646 मीटर, हे मीच तिला फुशारकीने सांगितले होते. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच बरेच उंचावर आहे आणि स्कॅफेल पाइकच्या वाटेवरचे, बोरोडेल खोऱ्याच्या टोकाचे सीथवेट मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई दोन्हीकडे फारशी वेगळी नाही, हा साधा हिशेब मी केला नव्हता.

शनिवार उत्तम गेला. केझिक गावाहून होडीने डरवेंटवॉटर हे तळे ओलांडून आम्ही कॅटबेल्स या डोंगरावर गेलो. उंची 451 मीटर, माथ्याजवळ हात टेकवून चढावे लागणारे थोडे खडक, आणि वर पोहोचल्यावर एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला न्यूलँड्सचे हिरवे खोरे. नकाशावरच्या इतक्या सगळ्या जलाशयांपैकी नावात 'लेक' असलेला एकटा बॅसनथ्वेट, बाकी सगळे 'वॉटर', 'मिअर' किंवा 'टार्न', हे समजल्यावर आईने मिअरला 'मोठे तळे' आणि टार्नला 'डोह' अशी नावे ठेवून टाकली.

रविवारच्या वाटेला गटाच्या पत्रकात 'मध्यम' म्हटले होते. सीथवेटहून स्टॉकली ब्रिज, तेथून चढून स्टायहेड टार्न, पुढे स्प्रिंकलिंग टार्न आणि ग्रेन्स गिल या ओढ्याच्या बाजूने परत, अशी ती शिखराविना फेरी. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला नियम आमच्या म्होरक्याला तोंडपाठ होता: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या सूत्रात माणसाचे वय कुठे बसवायचे, हे मात्र त्याने सांगितले नाही. स्टाय हेडच्या खिंडीत हवा उघडी दिसताच त्याने बेत बदलला, धडधाकट मंडळींना घेऊन कॉरिडॉर रूटने स्कॅफेल पाइककडे निघाला, आणि आम्हा दोघींना म्हणाला, "तुम्ही आल्या वाटेने परत जा, सरळ आहे." नकाशा त्याच्या पाठपिशवीत होता. गटातल्या अकरा जणांपैकी एकानेही मागे वळून पाहिले नाही.

सीथवेट हे इंग्लंडमधल्या सर्वांत पावसाळी वस्त्यांपैकी एक. वर्षाला तीन मीटरहून अधिक पाऊस. आमच्या महाबळेश्वरात याहून पुष्कळ जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत आटोपतो. तुमच्याकडचा कोणत्याही तारखेला येतो. धुके उतरले तेव्हा त्या खिंडीत एकत्र येणाऱ्या चार-पाच वाटा सारख्याच दिसू लागल्या. आम्ही उतरू लागलो, अर्धा तास उतरलो, आणि बाजूला लागायला हवे ते तळे काही लागेना. समोरून आलेल्या दोघांना विचारले, तर न थांबता म्हणाले, "वाट खालीच जाते." खोटे नव्हते ते. कोणत्या खोऱ्यात जाते, एवढेच त्यांनी सांगितले नाही.

मग तुम्ही भेटलात. चुकलात का, असे तुम्ही विचारले नाही. तुम्ही विचारलेत, "आज चहा कुठे घेणार?" मी सीथवेट म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले, आणि तुम्ही इतकेच म्हणालात, की मीही वरच चालले आहे, चला बरोबर. आम्ही पलीकडच्या वास्डेल खोऱ्याच्या बाजूला उतरत होतो, तिथून मोटारीने बोरोडेलला परतायचे तर डोंगरांना वळसा घालून तासाहून जास्त लागतो, हे तुम्ही चढ संपल्यावर सांगितलेत. आधी सांगितले असते तर आईचे पाय तिथेच गळाले असते.

परंतु ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ती गोष्ट खिंडीतली आहे. बचावपथकाच्या स्ट्रेचरची जी पेटी तिथे आहे, तिच्याजवळ आई लंगडते आहे हे तुम्ही पाहिलेत. उतारावर अंगठे बुटाच्या टोकावर आदळत होते, आणि माझ्या जिवाला घोर नको म्हणून ती बोलली नव्हती. मी, तिची मुलगी, तासभर तिच्यापुढे चालत होते आणि माझ्या ध्यानात आले नव्हते. तुम्ही त्या ओल्या दगडावर गुडघे टेकलेत, तिच्या बुटाच्या नाड्या सैल केल्यात, टाच मागे ठोकून बसवायला सांगितलीत, मग घोट्यापाशी दुहेरी पीळ देऊन नाडी अशी आवळलीत की पाऊल पुढे सरकूच नये. आईने पाय ओढून घेतला. आपल्याहून मोठ्या बाईने आपल्या पायांना हात लावायचा, हे तिला सोसणे शक्यच नव्हते. "अहो, नको, नको," असे ती मराठीतच म्हणत राहिली आणि तुम्ही मान हलवत दुसऱ्या बुटाकडे वळलात. काम झाल्यावर ती तुमच्या पाया पडायला वाकली, तेव्हा तुम्ही चटकन आपल्याच बुटांकडे पाहिलेत. तुमची नाडी सुटली आहे असे ती दाखवते आहे, असा तुमचा समज झाला असावा. मला हसू आले आणि त्याबरोबर रडूही आले. धुक्यामुळे ते दिसले नसावे.

तुम्ही त्या दिवशी ग्रेट गेबलच्या शिखरावर निघाला होता, हे बोलता बोलता कळले. घरी आल्यावर मी वाचले, की पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या सभासदांच्या स्मरणार्थ एका गिर्यारोहण क्लबने 1923 साली आसपासच्या शिखरांची जमीन विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली, आणि त्या सभासदांच्या नावांचा ब्राँझचा फलक गेबलच्या माथ्यावर आहे. पुतळा नाही, चौथरा नाही. लोकांना चालायला मोकळे डोंगर हेच स्मारक. संकटाची खूण म्हणून वाजवलेले शिटीचे सहा सूर ऐकून रात्री-अपरात्री धावणारी तिथली बचावपथकेही बिनपगारी स्वयंसेवकांची असतात, असे कळले. सज्जनपणा हा एखाद्या मुलखाला पावसासारखा मुरतो की काय, असे वाटून गेले. पण लगेच आमचा म्होरक्याही आठवला, आणि तोही त्याच पावसात भिजणारा.

शिखर सोडून तुम्ही स्टॉकली ब्रिजपर्यंत आमच्याबरोबर आलात, तेही पुढे नव्हे तर आईच्या मागे, तिच्या चालीने. तिथून पुन्हा ती खिंड चढून एकटीने वास्डेलला उतरायचे होते तुम्हांला, आणि तेव्हा चार वाजून गेले होते.

आई आता नाशिकला आहे आणि पहाटे फिरायला जाताना नाड्या तुमच्या पद्धतीने बांधते. पुलावर तिने तुमच्या हातात जो लाडू ठेवला, त्यातला अर्धा खाऊन उरलेला तुम्ही परतीच्या चढासाठी खिशात टाकलात आणि हे काय आहे म्हणून विचारलेत. तेव्हा मला नीट सांगता आले नाही. तो डिंकाचा लाडू. बाभळीचा डिंक तुपात फुलवायचा, त्यात खारकेची पूड, भाजलेले सुके खोबरे आणि खसखस घालायची, आणि सगळे गुळाच्या पाकात वळायचे. आमच्याकडे तो बाळंतिणीला देतात, थंडीत सगळेच खातात. गुडघ्यांना चांगला असतो, हे आईने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

तुमची,
लीड्सची भाची