वजनाचे औषध आणि पावडरचा डबा: दोन्हींची नोंद एकाच कागदावर हवी

प्रति,
मा. संपादक

महोदय,

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी आपल्या वृत्तपत्रात अलीकडे बरेच छापून येते. ती कोणी घ्यावीत, कोणी टाळावीत आणि त्यांचे दुष्परिणाम कोणते, याची चर्चा होते. मात्र ही औषधे घेणारे पुष्कळ जण त्याच काळात स्नायू टिकवण्यासाठी प्रोटीन पावडर किंवा क्रिएटिन हे स्नायूंना ऊर्जा पुरवणारे पूरकही घेत असतात, आणि औषध लिहून देणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मी स्वतः या चुकीतून गेले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वय ५८ आहे. आठ महिन्यांपासून मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा घेते. या काळात माझे वजन १२ किलोने उतरले. परंतु पाचव्या महिन्याच्या सुमारास खुर्चीच्या हातांना रेटा दिल्याशिवाय मला उठता येईना. जिममधील प्रशिक्षकांनी स्नायू उतरत असल्याचे ओळखले आणि व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनांची पावडर) व क्रिएटिन सुरू करायला सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता आणि सल्लाही बहुतांशी योग्यच होता. दोन महिन्यांनी नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी काम करतात हे ज्यावरून जोखतात तो रक्तातील घटक) वाढलेले निघाले. मूत्रपिंडावर परिणाम होत असल्याची शंका व्यक्त झाली, इंजेक्शन थांबवण्याचा विचार सुरू झाला आणि घरात दहा दिवस काळजीत गेले. तोवर मी आणखी काही घेते का, हे मला कोणी विचारले नव्हते. आणि पावडर म्हणजे औषध नव्हे, या समजुतीने मीही ते सांगितले नव्हते. ही चूक जितकी डॉक्टरांची, तितकीच माझी.

त्यानंतर जे कळले, ते प्रत्येक रुग्णाला आधीच माहीत असायला हवे असे मला वाटते. शरीरात क्रिएटिनचे रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होते. त्यामुळे क्रिएटिनची पावडर घेणाऱ्याच्या रक्तात, मूत्रपिंडे ठणठणीत असतानाही, क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते आणि त्या आकड्यावरून मांडलेली मूत्रपिंडांची क्षमता आहे त्यापेक्षा कमी भरते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण ती क्रिएटिनवर अवलंबून नसते. माझी ती तपासणी व्यवस्थित आली. मात्र यातून सोयीचा अर्थ काढून प्रत्येक वाढलेले क्रिएटिनिन पावडरच्या माथी मारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. या इंजेक्शनांमुळे काहींना उलट्या आणि जुलाब होतात, तहानभूक कमी झाल्याने पाणीही कमी प्यायले जाते आणि शरीर कोरडे पडून मूत्रपिंडांना खरोखरची इजा होऊ शकते. यांतले खरे कारण कोणते, हे डॉक्टरांना ठरवता यावे यासाठी पावडरची माहिती तपासणीच्या आधीच त्यांच्यासमोर असायला हवी.

क्रिएटिनचा दुसरा गोंधळ वजनकाट्यावर होतो. ते स्नायूंमध्ये पाणी धरून ठेवते, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत वजन एक-दोन किलोने वाढू शकते. विशेषतः काही जण पहिले पाच-सात दिवस रोज २० ग्रॅमचा मोठा डोस घेतात, तेव्हा ही वाढ ठळक दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस इंजेक्शनचा परिणाम थांबला असे समजून डोस वाढवून मागतो. वास्तविक रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन पुरेसे असते आणि त्या मोठ्या डोसची गरज नसते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय क्रिएटिन किंवा जास्तीची प्रथिने यांच्या वाटेला जाऊ नये.

स्नायूंची काळजी अनाठायी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले; त्यातील ज्या थोड्या लोकांच्या शरीराची घडण स्कॅन करून मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे दोन पंचमांश वाटा चरबीखेरीज इतर भागाचा होता. टिर्झेपटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या चाचणीत हा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. या 'इतर भागा'त स्नायूंबरोबर पाणी आणि अवयवही मोजले जातात, आणि वजन कोणत्याही मार्गाने उतरले तरी थोडे स्नायू जातातच. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु साठीकडे झुकलेल्या माणसाला गेलेले स्नायू परत मिळवणे जड जाते, हे मी अनुभवाने सांगते.

प्रथिनांविषयी तज्ज्ञ साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम असे प्रमाण सांगतात, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीला ८४ ते ११२ ग्रॅम. भूकच मेलेली असताना एवढे प्रथिन जेवणातून जाणे अवघड असते आणि तिथे पावडरचा आधार खरोखर उपयोगी पडतो. मात्र ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे दोन स्कूप एकदम घेतले की ते पोटात तसेच बसून राहतात आणि मळमळ वाढते. मी आता अर्धा स्कूप दिवसातून तीनदा घेते आणि इंजेक्शनचा डोस वाढवलेल्या आठवड्यात त्याहून कमी. ज्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांना साध्या व्हेपेक्षा व्हे आयसोलेट (ही साखर बरीचशी काढून टाकलेला प्रकार) सोसते. 'मास गेनर' नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींत बहुतेक भाग साखरेचा किंवा पिठूळ पदार्थांचा असतो आणि वजन उतरवू पाहणाऱ्याने त्यांना हात लावण्याचे कारण मला दिसत नाही.

सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. ती गोळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नसते. पहाटेच्या व्यायामाआधी शेकसोबतच ती गिळली, तर औषध नीट शोषले जात नाही. ऑर्लिस्टॅट हे वजन उतरवणारे दुसरे औषध घेणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. ते चरबीचे शोषण रोखते आणि चरबीत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही त्याबरोबर वाया जातात, म्हणून जीवनसत्त्वांची गोळी त्यापासून किमान दोन तास दूर, शक्यतो झोपताना घ्यावी.

मला सर्वाधिक धास्ती वाटते ती व्यायामापूर्वी घ्यायच्या 'प्री-वर्कआउट' पावडरींची. त्यांत कॅफीन भरपूर असते आणि कधी इतर उत्तेजकेही असतात. सेमाग्लुटाइडने नाडीचा वेग मुळातच किंचित वाढतो. फेंटरमिन हे भूक मारणारे औषध तर स्वतःच उत्तेजक आहे. त्यावर अशी पावडर घेणे म्हणजे हृदयावर आणि रक्तदाबावर दुहेरी भार टाकणे होय. भेसळीचा धोकाही खरा आहे. सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले, तरी 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या सडपातळ होण्याच्या उत्पादनांत ते पुढेही सापडत राहिले. स्नायू वाढवणाऱ्या काही डब्यांत लेबलवर नसलेली स्टेरॉइड सापडली आहेत. म्हणून 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' यांसारखे स्वतंत्र चाचणीचे चिन्ह असलेलाच डबा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आणि वजने उचलल्याखेरीज यांतल्या कोणत्याही डब्याचा फारसा उपयोग नाही. मी आठवड्यातून दोनदा प्रशिक्षकांसमोर स्नायूंवर ताण देणारे व्यायाम करते. खुर्चीतून आता हात न टेकता उठते, आणि त्याचे श्रेय मी पावडरीपेक्षा या व्यायामाला देईन.

माझी मागणी छोटी आहे. ही औषधे लिहून देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने पहिल्याच भेटीत रुग्णाकडून पूरकांची यादी घ्यावी, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी आपल्या अर्जावर 'आपण क्रिएटिन घेता का?' ही एक ओळ छापावी आणि जिममधील प्रशिक्षकांनी डबा सुचवण्याआधी 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' एवढे विचारावे. वाचकांनीही पुढच्या भेटीला जाताना आपले डबे सोबत न्यावेत, निदान त्यांच्या लेबलांची छायाचित्रे तरी न्यावीत. माझ्या फाइलमध्ये आता तशी चार छायाचित्रे पहिल्याच पानावर लावलेली आहेत.

आपली,
एक नियमित वाचक