तारेचा भाव नको, जाडी विचारा

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरगुती स्टिरिओच्या जाहिराती वाढतात आणि स्पीकरच्या तारेचा भाव मीटरला काही हजारांच्या घरात गेलेला दिसतो. ‘ऑक्सिजनमुक्त तांबे’, ‘चांदीचा मुलामा’, ‘बाणाची दिशा पाहून जोडा’, ‘दोनशे तास वाजली की तार खुलते’, अशी त्यांची भाषा. ऐपत असेल त्याने हौस जरूर करावी. हौसेला मोल नसते हे कोल्हापूरकरांना कोणी शिकवायला नको. पण तारेने आवाज कधी बदलतो आणि कधी नाही, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

स्पीकरच्या तारेत मुख्यतः पाहायचा तो तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो ओहममध्ये मोजतात. तो लांबी, जाडी आणि धातू यांवर ठरतो. तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटर लवचीक तारेचा रोध किलोमीटरला २६ ओहम, २.५ च्या तारेचा सुमारे ८ आणि ४ च्या तारेचा ५. आता मोठ्या हॉलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर १० मीटरवर आहे असे धरा. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे हिशेबाला तार २० मीटर. ०.७५ ची बारीक तार टाकली तर मध्ये अर्ध्या ओहमहून थोडा जास्त रोध येऊन बसतो. मागे ‘६ ओहम’ छापलेला स्पीकर काही सगळ्या सुरांना ६ ओहम नसतो. कुठे तो ३ पर्यंत उतरतो, कुठे २० पर्यंत चढतो. जिथे ३ आहे तिथे ही तार सुमारे १.४ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) खाते, जिथे २० आहे तिथे जेमतेम ०.२. एका पट्टीला एक न्याय, दुसरीला दुसरा. सव्वा डेसिबलच्या आसपासची ही तफावत सरावलेल्या कानाला कळते. तिथेच ४ ची तार टाकली की तफावत पाव डेसिबलवर येते. तारेने आवाज बदलतो म्हणणाऱ्यांचे इथपर्यंत बरोबरच आहे. फक्त तो बदलला जाडीने. तीन-चार मीटरच्या अंतराला २.५ ची तार पुरून उरते, आणि ती इलेक्ट्रिकलच्या कोणत्याही दुकानात आयएसआय शिक्क्यासह मिळते.

हुपरीच्या चांदीचा आपल्याला अभिमान आहे, पण तारेपुरते सांगायचे तर चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच जास्त वाहक आहे. २.५ च्या चांदीच्या तारेचे काम २.६५ चे तांबे करते. मुलाम्याचे तर नावच नको, त्याची जाडी ती किती! ऑक्सिजनमुक्त तांबे आणि वायरमध्ये नेहमी येणारे तांबे यांच्या वाहकतेत फार तर एक टक्क्याचा फरक. खोली अडीच-तीन अंशांनी तापली की तांब्याचा रोध तेवढाच वाढतो. म्हणजे ही किमती शुद्धता एप्रिलमधली एक दुपारही टिकत नाही.

खरी फसवणूक महागड्या तारेत नाही, स्वस्तातल्या तारेत आहे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचे पातळ वेष्टन चढवलेली तार सर्रास तांब्याची म्हणून खपवली जाते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. वर पारदर्शक प्लास्टिकचे जाड आवरण असते, ते भिंगासारखे काम करते आणि आतले तंतू असतात त्याहून मोठे दिसतात. काउंटरवर ‘चाळीस-शहात्तर घ्या, जाड आहे’ असे सांगतात. चाळीस-शहात्तर म्हणजे ०.००७६ इंच जाडीचे ४० तंतू, एकूण १.१७ चौरस मिलिमीटर. दोन-तीन मीटरला ठीक, त्यापुढे नाही. धातू ओळखायला एक तंतू ब्लेडने खरवडा, आत पांढरे दिसले की अ‍ॅल्युमिनियम. शंका उरलीच तर एका बाजूची १ मीटर तार सोलून गुजरीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर टाका. २.५ चौरस मिलिमीटर तांबे सुमारे २२ ग्रॅम भरते. वेष्टनवाली तार आठ-नऊ ग्रॅमवरच थांबते. सराफ हसेल, हसू दे.

तार चांगली आणि जोड कच्चा, ही अवस्था घरोघरी दिसते. टोकाचे आवरण १०-१२ मिलिमीटर सोला, तंतू घट्ट पिळा, आणि एकही तंतू शेजारच्या टर्मिनलकडे डोकावत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहा. तो एक तंतू पलीकडे टेकला तर नशीब असेल तर अ‍ॅम्प स्वतःला बंद करून घेतो, नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. स्क्रूखाली दाबायच्या टोकाला सोल्डर भरू नका. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकते, जोड सैल होतो आणि काही महिन्यांनी एक बाजू खरखरायला लागते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि घरात दमट हवा, तेव्हा उघडे तांबे काळवंडते, मग हिरवे पडते. पावसाळा सरला की ते टोक कापून नवे सोलावे. यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या तारांच्या गोल आरसीए पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामाच निघून जातो.

लाल-काळ्याची अदलाबदल ही आणखी एक नेहमीची चूक. एकाच स्पीकरला उलटी जोडणी झाली की खर्ज पोकळ होतो, गायक मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो, आणि दोष तारेच्या माथी जातो. अ‍ॅम्पकडची तार काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: अधिक टोक लाल तारेला लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर यायला हवा.

हमिंगचे दुखणे तर हमखास चुकीच्या औषधावर जाते. अ‍ॅम्प एका प्लगवर, टीव्ही दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर आणि वरून केबल टीव्हीची तार, असे झाले की अर्थिंगचे वेटोळे तयार होते आणि ५० हर्ट्झचा घुमारा स्पीकरमधून येतो. त्यावर दामदुप्पट किमतीची पॉवर केबल विकतात. आधी केबल टीव्हीची तार काढून ऐका. आवाज थांबला तर त्या तारेला अर्थिंगचा दुवा तोडणारा आयसोलेटर लावा आणि सगळी यंत्रे एकाच सॉकेटवरच्या एका एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन मात्र कोणी सांगितले तरी तोडू नका. हम जाईल, आणि यंत्रात बिघाड झाला त्या दिवशी पत्र्याला हात लावणाराही जाईल.

तारेची निवड खरोखर कळीची ठरते ती टर्नटेबलला, म्हणजे तबकड्या वाजवणाऱ्या यंत्राला. सुईच्या हालचालीची वीज बनवणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ठरावीक कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, ती पिकोफॅरडमध्ये मोजतात) लागते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई ला १०० ते २०० पिकोफॅरड, ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेला १५० ते ३००. साध्या शील्डेड तारेत मीटरला १०० च्या आसपास जातात, आणि टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) आतली वायर व प्रीअ‍ॅम्पचे (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचे) इनपुट यांची भर वेगळी. तीन मीटरची तार जोडली की हिशेब कोलमडतो: वरच्या सुरांत आधी टोचणारा उंचवटा येतो, त्याच्या वर सगळे गळून जाते. तार एक मीटरच ठेवा, तिचा पिकोफॅरडचा आकडा मागून घ्या, ग्राउंडची बारीक वायर विसरू नका. अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात अजून कित्येक घरांत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत. त्यांना तारेपेक्षा सुई महत्त्वाची, साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीची १८ मायक्रॉनची सुई त्या खाचेच्या तळाला घासत जाते आणि केसरबाई केरकरांच्या तानेपेक्षा खरखरच जास्त ऐकवते.

तरीही कोणी म्हणेल, नवी तार लावली आणि फरक प्रत्यक्ष ऐकला. ऐकला असेल, खोटे कोणी बोलत नाही. तार बदलताना जुनी पिन निघून पुन्हा बसते, तिच्यावरची काजळी घासली जाते. माणूस उठून पुन्हा बसतो तेव्हा डोके वीतभर सरकते, आणि फरशीच्या उघड्या खोलीत वीतभराने वरचे सूर बदलतात. त्यात तारेचा भाव मनात घोळत असतो. खात्री करायची तर दोन्ही तारांचा आवाज मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, कोणती तार लागली हे ऐकणाऱ्याला दिसू देऊ नका, आणि नाणे उडवून दहा वेळा अदलाबदल करा. दहापैकी नऊ ओळखल्या तर बोलू; नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. सात म्हणजे काहीच नाही. २००७ मध्ये अमेरिकेत अचाट दाव्यांची शहानिशा करणारे जादूगार जेम्स रँडी यांनी अशा तारा ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा झालीच नाही.

तारेवर घालायचे पैसे उरले तर स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा (त्याला पैसे लागत नाहीत), जाड पडदे लावा, आणि बसायची जागा व स्पीकर यांच्या मध्ये एक जाड घोंगडे अंथरा. झांजेची किणकिण लगेच सौम्य होते. खर्जाला मात्र घोंगडे पुरत नाही.

आपल्या दैनिकामार्फत राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरीच्या विक्रेत्यांना एकच विनंती: बिलावर ‘स्पीकर वायर’ एवढेच न लिहिता धातू, चौरस मिलिमीटर आणि मीटर, तिन्ही लिहा. ग्राहकांनी तसे बिल मागून घ्यावे. बिलावर ‘तांबे’ लिहिलेले असेल आणि तार खरवडल्यावर पांढरी निघाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने भ्रामक जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे; ‘दोनशे तासांनी खुलणारी तार’ छापायला देणाऱ्यांनी ती कलमे एकदा वाचून घ्यावीत.

आपले,
काही ध्वनिप्रेमी वाचक, कोल्हापूर