उतारावर वाहणाऱ्या पेट्रोलला इलेक्ट्रिक पंप लावू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या देखभालीवर आलेला लेख मनापासून आवडला. मात्र त्यातला एक सल्ला वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. ‘फार जुनी गाडी चढावर दम सोडत असेल, तर पेट्रोलच्या नळीत छोटा इलेक्ट्रिक पंप बसवून घ्यावा,’ असे लेखकाने सुचवले आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या गाड्यांची कामे मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. हा सल्ला कुणी जसाच्या तसा अमलात आणला, तर गाडी पेट घेऊ शकते.

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनलेली ही गाडी. तिला पेट्रोल पंपच नाही. बहुतेक मॉडेल टींमध्ये टाकी पुढच्या सीटखाली असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, उतरते. एक फूट उंचीच्या पेट्रोलचा दाब भरतो सुमारे ०.३२ पीएसआय (चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब). कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणारा फ्लोट, त्याने वर ढकलली जाऊन पेट्रोलची वाट बंद करणारी नीडल आणि ती जिथे टेकते ती सीट हे सगळे एवढ्याशा दाबाला अडवण्यापुरतेच केलेले आहे. नंतरच्या काळातल्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी मिळणारे साधे पंप ४ ते ७ पीएसआय देतात, म्हणजे दहापटीहून जास्त. तो दाब फ्लोटला न जुमानता नीडल सीटपासून ढकलून धरतो, वाटी भरून वाहते आणि पेट्रोल खाली सांडते. मॉडेल टीत कार्बोरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असतात, हे लक्षात घ्या.

चढावरची तक्रार या गाडीला जन्मापासूनची आहे. पेट्रोल कमी असताना गाडीचे नाक वर गेले की टाकीतली पातळी आणि कार्बोरेटर जवळजवळ एका रेषेत येतात आणि धार थांबते. तेव्हाचे चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. आजही टाकी भरून निघावे, नाहीतर तेच करावे. १९२६च्या मॉडेलपासून फोर्डने बहुतेक प्रकारांत टाकी डॅशबोर्डच्या पुढे उंचावर नेली आणि तो प्रश्न बराचसा मिटला.

टाकी भरलेली असूनही सपाटीवर गाडी मिसिंग करत, म्हणजे अडखळत, असेल, तर अडथळा वाटेत आहे आणि तो शोधलाच पाहिजे. मी आधी टाकीचे झाकण हातात घेतो. त्याला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. पितळ घासून चकचकीत करण्याच्या नादात ते पॉलिशने बुजते. मग पेट्रोल जाते तेवढी हवा आत येत नाही आणि धार मंदावते. गाडी थोडा वेळ छान चालून बंद पडते, जरा थांबले की पुन्हा सुरू होते. झाकण काढताना ‘सुस्स’ आवाज आला, तर पुढे काही उघडायची गरज नाही. बारीक तारेने छिद्र मोकळे करा.

तसे नसेल तर धार बघायची. इंजिन पूर्ण गार हवे, जागा उघडी हवी, आसपास ठिणगी नको. टाकीचा कॉक (पेट्रोलची तोटी) बंद करून कार्बोरेटरकडचा नट सोडायचा, खाली धातूचे भांडे धरायचे आणि कॉक उघडायचा. धार अखंड पडली पाहिजे, आणि हे महत्त्वाचे, पडत राहिली पाहिजे. बरेच जण दोन क्षण बघून ‘पेट्रोल येतंय’ म्हणतात आणि नट आवळतात. सुरुवातीला जोरात येऊन मिनिटाभरात दोऱ्यासारखी झालेली धार सांगते, की टाकीखालच्या गाळवाटीतली जाळी गंजाने भरली आहे. धार तुटत, बुडबुडे सोडत येत असेल तर नळी तपासा. नळी टाकीपासून सतत उतरती हवी. मध्ये कुठे कमान आली, तर तिच्या माथ्यावर हवा किंवा वाफ अडकते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलता येत नाही. नव्याने सजवलेल्या गाड्यांत नळी दिसायला सुबक वळवलेली असते, पण नेमकी एक्झॉस्टच्या कडेने नेलेली. या नळीत कागदी फिल्टरही घालू नये. तो पंपाच्या दाबासाठी असतो, इथे तोच अडथळा होतो.

तांब्याची नळी वर्षानुवर्षांच्या थरथरीने कडक होते आणि निपलजवळ, म्हणजे टोकाच्या जोडाजवळ, तडकते. तिथे डाख देऊन भागवू नका, ती नळी बदला.

आता पेट्रोल ठिबकण्याविषयी. त्या काळच्या अनेक कार्बोरेटरांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असे आणि त्यावर लाखेचा लेप असे. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, आणि ते अल्कोहोलच. लेप गेला की बूच पेट्रोल पिते, जड होते, खाली बसते आणि नीडल बंद होत नाही. सीट घासून, नवी नीडल घालूनही ठिबकणे थांबत नसेल, तर फ्लोट काढून नखाने दाबून बघा. ओल वर आली तर तो गेला. त्याजागी पितळेचा घालावा, आणि तोही आधी गरम पाण्यात बुडवून पाहावा. डाखात सुईएवढे छिद्र असले तरी बुडबुडे दिसतात. इथेनॉल हवेतली ओल शोषते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत असे पेट्रोल ठेवू नये. पाणी तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते.

गंजलेली टाकी कुणी ‘रिकामी आहे’ म्हणून वेल्डिंगला नेत असेल, तर त्याला थांबवा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक, कारण तिच्यात हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र असते.

सगळ्याच जुन्या गाड्यांत पेट्रोल असे उताराने येत नाही, हे खरे. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टसारख्या गाडीत टाकीत हवेचा दाब भरतात, तर १९२०च्या दशकातल्या अनेक गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर चालणारी व्हॅक्यूम टाकी असते. त्यांचे दोष वेगळे. पण त्याही कार्बोरेटरांना ४ पीएसआय सोसत नाही.

लेखातल्या त्या एका वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती. तिच्यासोबत एवढेही छापा, की ज्यांनी असा पंप आधीच बसवला असेल त्यांनी तो काढेपर्यंत गाडी सुरू करू नये, आणि गाडी उभी केल्यावर टाकीचा कॉक रोज बंद करावा.

आपला,
जुन्या मोटारींची कामे करणारा एक वाचक