ढोलकी कोणाची ते पण छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला रिमिक्सवरचा लेख दोनदा वाचला. लेखकानं मेहनत घेतली आहे, ते नाकारत नाही, पण त्यांनी कौतुकानं जी तीन गाणी सांगितली त्यातल्या दुसऱ्या गाण्यात वाजते ती ढोलकी माझ्या बाबांची आहे. लेखात डीजेचं नाव आहे, व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोराचं आहे, कोणत्या सॉफ्टवेअरवर बनवलं ते सुद्धा आहे. ढोलकीवाल्याचं नाही.

बाबा खडी गंमतीत, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यात, वाजवायचे. १९८८ च्या मे महिन्यात एका कॅसेट कंपनीनं बाबांच्या सगळ्या संचाला नागपुरातल्या बर्डीवर बोलावलं, माडीवरच्या एका खोलीत रेकॉर्डिंग झालं. मी बारा वर्षांचा, सोबत गेलो होतो. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या, आणि नागपूरचा मे महिना काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. चामडं तापून ढोलकीचा सूर सारखा चढत होता, बाबा दर गाण्यानंतर ओलं फडकं फिरवून पुन्हा लावायचे. पोळ्याच्या गाण्यात तोडा, म्हणजे ढोलकीवरचा जोरदार तुकडा, घेताना त्यांच्या बोटातली अंगठी लाकडाला लागली आणि टक् असा आवाज झाला. बाबा म्हणाले परत घेऊ, कंपनीवाला म्हणाला राहू द्या, टेप वाया जाते. दीडशे रुपये आणि तर्री पोहे, झालं. ते टक् त्यांना मरेपर्यंत खटकत राहिलं. घरी कोणी कॅसेट लावली की त्या जागेवर मान खाली घालायचे.

मागच्या फेब्रुवारीत आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतून वरात चालली होती, डीजेवर लेखातलं तेच दुसरं गाणं. आई गेटजवळ खुर्ची टाकून बसलेली, एकदम म्हणाली, "हे तं तुह्या बाबाची ढोलकी आहे रे." मी म्हटलं, सगळ्या ढोलक्या सारख्याच वाजतात. आणि टक् ऐकू आलं. मग पुन्हा. मग पुन्हा. तेवढाच तुकडा कापून गोल गोल फिरवला आहे रिमिक्सवाल्यांनी, तोडा संपला की टक्, तोडा संपला की टक्. जो ठोका बाबा पुसा म्हणत होते तोच गाण्यात दोनशे वेळा वाजतो आणि खाली पोरं नाचतात.

मी ते रिमिक्स करणाऱ्या डीजे मुलाला मेसेज केला. तो चांगलंच बोलला, काका, आम्ही कंपनीकडून रीतसर घेतलं आहे, कागद आहे. असेल. टेपचा हक्क कंपनीचा असेल, आणि मी पैसे मागायला गेलोच नव्हतो. व्हिडिओखाली ड्रोनवाल्याचं नाव आहे, मेकअपवालीचं आहे, तिथं एक ओळ वाढवायला काय लागतं, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

आता लेखातला मुद्दा, की चाली तर नाट्यसंगीतातही उचलायचेच. उचलायचे, बरोबर आहे, पण जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून पहा, पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' लिहून मूळ पदाचे शब्द छापलेले असायचे. वाचणाऱ्याला कळायचं कुठून आलं. रिमिक्स करू नका असं मी म्हणत नाही, गाणं हिंडलंच पाहिजे. २०१८ मध्ये लता मंगेशकरांनी जाहीरपणे लिहिलं होतं की मूळ रचनाकाराच्या जागी दुसऱ्याचं नाव लावणं चूक आहे. त्यांचं म्हणणं निदान छापून तरी आलं, मागं बसून वाजवणाऱ्याचं कोण छापतं? आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीत, आणि आपलं नाव लावून मागायचा हक्क २०१२ मध्ये. बाबांची ढोलकी या दोन्हीच्या आधीची.

मुलीनं मला अमेरिकेतल्या विन्स्टन्स बँडचं दाखवलं. त्यांच्या १९६९ च्या एका गाण्यातला ग्रेगरी कोलमनचा सहाएक सेकंदांचा ड्रमचा तुकडा, पुढं हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये गेला, त्याला त्याचा एक पैसा मिळाला नाही. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, त्याच्यासाठी २०१५ मध्ये लोकांनीच वर्गणी करून चोवीस हजार पौंड जमवले. पण कोलमनचं नाव तरी आज माझ्या कॉलेजातल्या मुलीला माहीत आहे.

आणि लेखासोबत अर्धं पान भरून तो डीजेच्या गाडीचा फोटो कशाला? मी सांगतो ती वरात रात्री पावणेअकराला चालली होती. दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, आमच्या खिडकीची तावदानं थरथरत होती, शेजारचं तान्हं बाळ तासभर रडत होतं. याच्यावर तुमच्या पेपरात दोन ओळी येत नाहीत आणि गाडीचा रंगीत फोटो येतो.

कॅसेटचं कव्हर मी जपून ठेवलं आहे. पाचव्या ओळीत 'ढोलकी' लिहून पुढं बाबांचं पूर्ण नाव आहे. त्याचा फोटो या पत्रासोबत पाठवतो आहे. लेखाखाली तुम्ही ते गाणं ऐकायला क्यूआर कोड दिला होता, येत्या रविवारी त्याच जागी तेवढी एक ओळ छापा. आईला वाचून दाखवायची आहे.

आपला नियमित वाचक,
मानेवाडा, नागपूर