दोनच सीटची गाडी घेतली, पहिली आई बसणार

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. हे फोनवर सांगणार होते, पण बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि ही गोष्ट अर्धी ऐकून समजणारी नाही. म्हणून लिहून पाठवून राहिले, दादाला म्हणा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे. इथून कोणीतरी तुमच्या कानावर घालायच्या आधी मीच सांगते.

मी गाडी घेतली. जुनी. १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, दोन सीटची, कापडी हूडवाली. साडेनऊ लाखाला. आई, आकडा वाचून खाली बस आणि पुढचं वाच. कर्ज नाही, उसने नाही, पोरीच्या शिक्षणाच्या पैशाला हातही लावला नाही, माझ्या नोकरीतल्या दोन एफडी मोडल्या, बस. वॅगन-आर आहेच, रोजचं जाणं-येणं तिच्यातच. आणि ही गाडी इथं नागपूरला, आपल्या प्रतापनगरच्या घरी कडुनिंबाखाली तिथंच उभी आहे जिथं बाबांची जुनी स्टँडर्ड हेरल्ड गाडी उभी राहायची. जमिनीवरचे तेलाचे जुने डाग अजून आहेत, आता त्यात नवीन मिसळलेत.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न विचाराल की ही काय भानगड, तर ही तुमच्या हेरल्डची सख्खी बहीण आहे. हेरल्डचीच चॅसी आखूड केली, पुढचं सस्पेन्शन तेच, स्टिअरिंग तेच, मागं तोच स्प्रिंगचा आडवा पाटा, आणि दोन्हींचं डिझाइन त्याच इटालियन माणसाचं, मिकेलोत्तीचं. इंजिन पण त्याच घराण्यातलं, तुमचं ९४८ सीसी होतं, हे १२९६ आहे आणि दोन एसयू कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे). तुमची मद्रासला बनली, ही इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला. बोनेट आठवतं ना, अख्खं तोंड पुढे उघडायचं आणि तुम्ही चाकावर बसून इंजिन पाहायचे, मला दुसऱ्या चाकावर बसवायचे आणि प्लग हातात द्यायचे? हिचंही तसंच आहे. मी पहिल्यांदा ते बोनेट उचललं तेव्हा आतलं सगळं ओळखीचं निघालं. त्या घडीला मी मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली होती, बाकी सगळं नंतर पाहिलं, हे तुमच्याजवळ कबूल करते.

तरी पाहिलं मात्र नीट. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये ताडपत्रीखाली एकोणीस वर्षं पडून होती. मालक काका वारले, काकूंना आता ते घर सोडून मुलाकडे जायचंय. घरून फ्रीजवरचं मॅग्नेट नेलं होतं, ते एका मोज्यात घालून सगळ्या बॉडीवर फिरवलं, कारण पुट्टी भरलेल्या जागी मॅग्नेट धरत नाही. दाराखालच्या पत्र्यावर डाव्या बाजूला वीतभर जागेत धरलंच नाही. हेरल्डमध्ये तो पत्रा सडला तर एवढं बिघडत नाही, पण हिच्यात चॅसीचे बाजूचे हात काढून टाकलेत आणि गाडीचा बराच जोर त्या पत्र्यावरच आहे, म्हणून तो आधी कापून नवीन बसवला. डेंटरनं दारं लावूनच वेल्डिंग केलं, नाहीतर गाडी मधून वाकते आणि मग दारं लागतच नाहीत. दुसरं म्हणजे भाचीला क्लच दाबायला सांगितला आणि मी पुढं क्रँकच्या पुलीवर नजर लावून बसले, पुली पुढं सरकली तर आतली थ्रस्ट वॉशर गेली समजायचं आणि मग खर्च इंजिनाएवढाच. हलली नाही, म्हणजे डोळ्याला दिसेल एवढी नाही.

आणि ट्रनियन, म्हणजे पुढच्या चाकाचा खालचा पितळी सांधा! बाबा, तुम्हाला आठवतं का तुम्ही त्या ग्रीसवाल्या पोराला अंगणातून परत पाठवलं होतं, ‘ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल’ म्हणून? मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, मला वाटलं तुम्ही उगाच चिडले. आता कळलं काहून. त्या पितळी ट्रनियनमध्ये चाकाचा उभा दांडा आट्यांवर फिरतो, ग्रीस तिथं घट्ट होऊन बसतं, खालच्या आट्यांपर्यंत पोचतच नाही, मग आत पाणी-गंज आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं पडतं. हिच्यात कोणीतरी ग्रीसच भरलं होतं. दोन्ही बाजू उघडल्या, रॉकेलनं धुतल्या, उजवीकडचा दांडा खराबच होता. तो मिळाला कुठं, तर एका जुन्या स्टँडर्ड हेरल्डमधून काढलेला, आणि बसला बरोबर. तो बसताना पाहून मला फार आनंद झाला, तो इथं लिहून सांगता येत नाही.

काकूंनी गाडीसोबत काकांची वही दिली. दरवेळी किती पेट्रोल घातलं, किती मैल झाले (मीटर मैलाचंच आहे), कुठं गरम झाली, कुठं पाणी घातलं, सगळं शाईनं लिहिलेलं. एका पानावर नुसतं ‘पावसात हूड लावायला वेळ झाला, दोघंही भिजलो’ एवढंच. मी त्याच वहीत पुढं लिहायला सुरुवात केली, नवीन वही आणावीशी वाटली नाही.

एक गोष्ट वाचली ती सांगते. या गाडीचा पहिला नमुना बनला आणि कंपनीकडे पैसेच उरले नाहीत, म्हणून तो कारखान्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवून दिला. मग १९६१ ला लेलँडनं कंपनी विकत घेतली, त्यांची माणसं कारखाना पाहायला आली, कोपऱ्यातलं ते झाकण काढलं आणि म्हणाले हे बनवा. १९६२ ला बाजारात आली आणि १९८० पर्यंत तीन लाखांच्या वर बनल्या. मला हे वाचून सिव्हिल लाइन्सची ती ताडपत्रीच आठवली.

कागदांची काळजी करू नका. आपल्या गडकरींच्या खात्यानं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा नियम काढला, वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी, पण तशी नोंदवली की गाडी रॅली, प्रदर्शन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. मला ती चालवायची आहे, म्हणून मी साधंच री-रजिस्ट्रेशन केलं, पाच वर्षांचं, ग्रीन टॅक्स भरून. जुना तीन अक्षरांचा नंबर तसाच आहे.

आता चालवण्याचं. पहिल्या महिन्यात मी चालवली कमी आणि उघडली जास्त. शिसं असलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं आणि हे इंजिन त्याच पेट्रोलवर वाढलेलं, शिशाशिवाय व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, म्हणून हेड काढून त्या कडक धातूच्या बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, ते जुनं रबर खातं, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे पाइप नवीन. आपले मेकॅनिक चाचा (तेच, कॉटन मार्केटकडचे, तुमची आठवण काढतात) म्हणाले, ‘बेटा, कार्बोरेटर आँख से नहीं, कान से मिलते हैं।’ रबराच्या नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आधी एकाचा सू-सू आवाज ऐकायचा मग दुसऱ्याचा, दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू थोडा इकडे थोडा तिकडे. पहिल्या दिवशी मला दोन्ही सारखेच वाटत होते. तीन रविवार गेले तेव्हा फरक कळायला लागला, आता तर अंगणात पोरीनं गाडी सुरू केली तरी मागचा कार्बोरेटर मागं पडलाय हे मला स्वयंपाकघरात समजतं. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टॅपेटची टकटक ऐकायचे ते आम्हाला तेव्हा गंमत वाटायची.

आई, तू विचारशील सांभाळून चालवते का. चालवते, पण एकदा घाबरले ते लपवत नाही. सकाळी सहाला सेमिनरी हिल्सवर गेले होते, उतारावरच्या वळणात वेग जास्त वाटला आणि सवयीनं ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला. मागचा भाग वर उचलल्यासारखा झाला, मागची चाकं आत वळल्यासारखी आणि शेपूट बाहेर. समोरून कोणी नव्हतं, गाडी सरळ झाली, पण मी दहा मिनिटं बाजूला थांबून होते. ही मागच्या ॲक्सलची जातच तशी आहे, हेरल्डचीही होती, फक्त बाबांनी कधी तेवढ्या वेगानं वळवलीच नाही. आता नियम पाळते, वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात पाय हलकाच पण टेकवून ठेवायचा. दोन सीटबेल्ट बसवून घेतलेत, चारही टायर नवीन आहेत.

दुसरा धडा रामटेकचा. पोरीला घेऊन पहाटे निघाले, कामठी, कन्हान, मनसर, हूड उघडा, हवा अशी की दोघींना बोलायला ओरडावं लागे, आणि कुठंही काही झालं नाही. खिंडसीला चहा घेतला. परत येताना मात्र अकरा वाजून गेले, मार्च संपायचं ऊन, कन्हानच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये गाडी दोन उचक्या देऊन बंद. लोक जमले, कोणी म्हणे बॅटरी, कोणी म्हणे कचरा. मी बोनेट उघडलं, पोरीच्या ओढणीवर पाण्याची बाटली ओतली आणि ओला कपडा इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर गुंडाळून ठेवला (गरमीनं आत पेट्रोलची वाफ होते), तुम्ही वर्धा रोडवर ठेवायचे तसा. पंधरा मिनिटांत सुरू झाली. पोरगी विचारते तुला कसं माहीत, मी म्हटलं आबांनी शिकवलं, तर म्हणे आबांनी मला का नाही शिकवलं. आता ते तुम्ही तिला उत्तर द्या.

आता मे महिन्यात ती हलणार नाही, ४५ डिग्रीत इंजिनाचेही हाल आणि आपलेही. म्हणून तुम्ही या पंधरा दिवसांतच या. पण दोनच सीट आहेत ना, त्याचं मी ठरवून ठेवलंय.

पहिली आई बसणार. बाबा, वाईट वाटून घेऊ नका. हेरल्डमध्ये सात वर्षं पुढं आजी बसायची आणि आई मागं, आमच्या दोघांच्या मध्ये, मांडीवर डबा आणि पायाशी पाण्याची सुराही. आजी नंतर गेली, पण तोवर गाडीच विकली होती. म्हणजे आई आपल्या घरच्या त्या गाडीत पुढच्या सीटवर कधी बसलीच नाही. परवा सगळे फोटो काढून पाहिले, एकाही फोटोत नाही. मला हे इतकी वर्षं कधी दिसलंच नाही, याचंच जास्त लागलं.

गुडघ्याचं कारण सांगू नको, मी शेजारच्या काकूंना बसवून पाहिलं, त्या तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. सीट फार खाली आहे हे खरं, पण हूड उघडला की काचेच्या वरच्या फ्रेमला धरता येतं, आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना मी हात देईन. तुझी ती निळी गोधडी आण, दुहेरी घडी करून सीटवर टाकली की उंची बरोबर होते. पहाटे साडेपाचला निघू, फुटाळ्यावरून तेलंगखेडीकडे आणि मग अमरावती रोडनं थोडं पुढं जाऊन परत, येताना तर्री-पोहे. बाबांची पाळी त्याच दिवशी दुसरी, आणि बाबा, त्याआधी एक काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय. टॅपेटची फट दहा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) थंड इंजिनावर लावायची आहे, ते मी चाचांनाही करू दिलं नाही. ऐकू कमी आलं तरी चालेल, फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) ओढताना बोटाला जे कळतं ते तुमच्याइतकं इथं कोणाला कळत नाही.

तुमचा तो फिलर गेज मागच्या खोलीतल्या माळ्यावर पत्र्याच्या हिरव्या पेटीत आहे हे मला पक्कं माहीत आहे, पण पेटीला कुलूप आहे. किल्ली अकोल्याला तुमच्या कपाटात आहे की इथंच देवघराच्या खणात, ते विचारून दादाला लगेच कळवायला सांगा. कुलूप तोडणार नाही.

तुमची,
ताई