विषय: तुमच्या रिकव्हरी पेनड्राइव्हला तुमच्याच लॅपटॉपची एसएसडी दिसत नाही (चौथी तक्रार)

आजचा फोनही वाया गेला, म्हणून लेखी.

तुमच्याच टूलने, सिरीयल नंबर टाकून, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी तयार केली. पेनड्राइव्ह बूट होतो. फॅक्टरी रिसेट निवडलं की ‘योग्य ड्राइव्ह सापडला नाही’. बायोसमध्ये ५१२ जीबीची एसएसडी व्यवस्थित दिसते. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क (जोडलेल्या डिस्क दाखवणारी कमांड): यादीत एकटा पेनड्राइव्ह. म्हणजे डिस्क खराब नाही, रिकव्हरीलाच ती दिसत नाही.

लॅपटॉपमध्ये इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी प्रोसेसरमार्फत हाताळणारी सोय, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो) चालू आहे आणि तुमच्या बूट इमेजमध्ये त्याचा स्टोरेज ड्रायव्हर नाही, एवढीच भानगड. तो दुसऱ्या पेनड्राइव्हवरून ड्रव्हलोड कमांडने चढवला की डिस्क लगेच दिसते. पण तुमचं टूल मध्येच रीस्टार्ट घेतं. रिकव्हरी रॅममध्ये चालते, त्यामुळे रीस्टार्टबरोबर ड्रायव्हरही जातो. तो मुळात बूट डॉट विम फाइलीत, म्हणजे बूट इमेजमध्येच हवा. व्हीएमडी बंद करून वाट काढावी, तर तो पर्याय तुमच्या बायोसमध्ये दिसतच नाही.

आता आजचा संवाद.
‘सर, सेटिंग्जमध्ये जाऊन रिसेट धिस पीसी करा.’
‘विंडोज सुरूच होत नाही.’
‘ओके सर. मग स्टार्ट मेनूतून सेटिंग्ज उघडा.’
‘स्टार्ट मेनू विंडोजमध्येच असतो ना?’
‘होल्ड करता का सर?’
अकरा मिनिटं संगीत ऐकवलंत. परत आल्यावर निदान तयार: ‘डिस्क खराब आहे, बदलावी लागेल. पैसे भरावे लागतील.’ त्याआधीच्या तीन फोनांवर उपाय एकच होता, पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा बनवा. तीनदा बनवला. तीच इमेज तीनदा उतरवल्यावर चौथ्यांदा तिच्यात ड्रायव्हर उगवेल, अशी तुमच्याकडे पद्धत असावी.

पुन्हा लिहितो: डिस्क खराब नाही. बदललेल्या डिस्कवरही हा पेनड्राइव्ह ‘सापडला नाही’च म्हणणार, मग पैसे कशाचे?

या मॉडेलसाठी व्हीएमडी ड्रायव्हर घातलेली इमेज द्या, नाहीतर व्हीएमडीचा पर्याय दाखवणारं बायोस अपडेट द्या. डिस्क बदलण्याचा शेरा माझ्या नोंदीतून काढा. आठ दिवस थांबतो. नंतर मायक्रोसॉफ्टचं साधं विंडोज टाकेन, ड्रायव्हर इंटेलकडून घेईन. ऑफिसच्या पुढच्या लॅपटॉप खरेदीची यादी माझ्याकडेच असते, त्यात तुमचं नाव सध्या आहे.

फोन करू नका. लेखी उत्तर द्या, आणि ते पाठवण्यापूर्वी लिस्ट डिस्क म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाला वाचायला द्या.