जंगलाजवळच्या पोरांना हे कोणी सांगतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा रिझल्ट लागला की तुमच्या पुरवणीत करियरची पानं येतात. यंदाही सगळी वाचली आणि यंदाही प्राण्यांचं वागणं, इकॉलॉजी (म्हणजे जीव आणि त्यांचा परिसर यांचं नातं) यावर रिसर्च करणाऱ्यांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. आणि त्याच पेपरच्या पहिल्या पानावर वाघ असतो! मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या बाईवर हल्ला झाला की मोठी बातमी येते, पण तो वाघ तिथे त्या वेळेला का होता, कुठून आला, हे शोधणं कोणाचं तरी रोजचं काम असतं हे आपल्याकडच्या पोरांना माहीतच नाही.

मी नागपूरचीच, याच विषयात पीएचडी करतेय. नातेवाईक विचारतात, "म्हणजे तू फॉरेस्टमधे लागली का?" त्यांना तरी कोण सांगणार, म्हणून लिहितेय.

२०१९ ची गोष्ट बघा. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर (तो कुठे आहे हे कळवणारा गळ्यातला पट्टा) लावली होती, तो शेतं रस्ते गावं ओलांडत १३०० किलोमीटरच्या वर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर नसती तर हे कळलंच नसतं, आणि जंगलाच्या बाहेरचे शेतातले पट्टे पण वाघाच्या कामाचे असतात हे नुसतं म्हणण्यावारी राहिलं असतं. आपला नागपूर-सिवनी हायवे घ्या, पेंचजवळ प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून तिथे ९ ठिकाणी रस्ता उचललाय, खाली कॅमेरे लावून बघितलं तर वाघासकट १८ प्रकारचे प्राणी तिथून जाताना दिसले. आता असा पूल कुठे आणि केवढा लांब पाहिजे हे ठरवायला प्राणी कसा वागतो ते माहीत असलेला माणूस लागतोच ना.

आणि वाघच पाहिजे असं काही नाही. बंगलोरच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं गांधीलमाश्यांवर काम केलं, एकेका माशीला रंगाचे ठिपके लावून. त्या जातीची राणी एकदम शांत, कोणाच्या अंगावर जात नाही, पण तिला पोळ्यातून काढलं की लगेच एक कामकरी माशी भयंकर भांडखोर होते आणि पुढे तीच राणी होते. मला हे वाघापेक्षा कमी वाटत नाही. असलं बघायचं काम आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर किंवा अंबाझरी तलावाच्या काठावर पण सुरू करता येतं, वही, पेन आणि रोज एकाच ठिकाणी बसायची तयारी पाहिजे.

या कामात यायचा रस्ता साधारण असा, की आधी बीएस्सी, मग एमएस्सी झूलॉजी (प्राणीशास्त्र), किंवा देहरादूनच्या वन्यजीव संस्थेत नाहीतर बंगलोरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वाइल्डलाइफची एमएस्सी, पण तिथे जागा फार कमी. सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या लाइफ सायन्सेस विषयात इकॉलॉजी आणि बिहेवियर दोन्ही येतं, त्यातून जेआरएफ (रिसर्च करायची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. स्टॅटिस्टिक्स आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. आणि खरं सांगायचं तर फेलोशिप अडकते, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपते, घरच्यांना वर्षानुवर्षं समजावत राहावं लागतं, हे पण पुरवणीत छापा, लपवू नका.

पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वेगळंच आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडलाच्या गावातले पोरं गाइड होतात, जिप्सी चालवतात. चितळाचा कॉल (धोक्याची हाक) कुठल्या बाजूनं आला, वानर कशाला बघून ओरडतंय, पगमार्क (पंजाचा ठसा) सकाळचा की रात्रीचा, हे त्यांना आमच्याआधी कळतं. आम्ही शहरातून जातो, त्यांच्या भरवशावर डेटा गोळा करतो, आणि रिसर्च पेपर छापून येतो तेव्हा त्यांचं नाव शेवटी आभारात, तेही कधी कधी. त्यातला एखादा बीएस्सी झाला तरी पुढचा फॉर्म कधी निघतो हे त्याला कळत नाही, सगळं इंग्रजीत आणि वेबसाइटवर.

तुमचा पेपर त्या गावांत जातो. तेव्हा विनंती एवढीच की या प्रवेशांच्या आणि नेटच्या फॉर्मच्या तारखा वेळेवर मराठीत छापा, शेवटच्या दिवसाच्या आधी, आणि नुसत्या नागपूर शहराच्या आवृत्तीत नको, चंद्रपूर भंडारा गोंदियाच्या पण.

– एक संशोधक विद्यार्थिनी, नागपूर